थोरियमच्या साखळीचे गणित

थोरियम-232 ने न्यूट्रॉन शोषला की थोरियम-233 होते. 22 मिनिटांच्या अर्धायुष्याने त्याचे प्रोटॅक्टिनियम-233 आणि 27 दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचे युरेनियम-233. तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीत थोरियम ठेवून याच वाटेने युरेनियम-233 मिळवले गेले. 1984 साली त्याच्या युरेनिल नायट्रेट द्रावणावर पूर्णिमा-2 ही अणुभट्टी चालली. अशा साखळीची उकल गणितज्ञ हॅरी बेटमनने 1910 सालीच लिहून ठेवली आहे. ती हाताने सोडवता येते याचा जुन्या माणसांना गर्व असतो आणि तो लपवण्याचे कारण नाही. तयार प्रणालीत आकडे भरून उत्तर काढणाऱ्याला साखळी कुठे अडते हे बहुधा कळतच नाही.

अडते ती युरेनियम-232 पाशी. युरेनियम-233 सोबत हे थोडेसे तयार होतेच. त्याचे अर्धायुष्य सुमारे 69 वर्षे, पुढच्या थोरियम-228 चे 1.9 वर्षे, आणि शेवटाकडे पोलोनियम-212 चे 0.3 मायक्रोसेकंद. साध्या पद्धतीने काळात पायरीपायरीने पुढे सरकायचे तर पायरी अर्ध्या मायक्रोसेकंदाहून लहान ठेवावी लागते, नाहीतर अणूंची संख्या ऋण येऊ लागते. म्हणजे एका वर्षासाठी साठ लाख कोटींहून अधिक पायऱ्या. बेटमनच्या सूत्राकडे वळावे, तर दोन क्षयस्थिरांक जवळजवळ सारखे असले की वजाबाकीत सार्थ अंक गळून पडतात. म्हणून पोलोनियम जितके बनते तितकेच क्षय पावते असे धरून त्याचे समीकरण काढूनच टाकतात. हा निर्णय माणसाने घ्यायचा असतो, आणि मांडणीतले खरे कसब त्यातच आहे.

पोलोनियमच्या आधी बिस्मथ-212 पाशी साखळीला फाटा फुटतो. सुमारे 64 टक्के अणू पोलोनियमकडे जातात, 36 टक्के थॅलियम-208 कडे. हा दुसरा फाटा विसरून चालत नाही, कारण थॅलियमचा 2.6 एमईव्हीचा गॅमा किरणच शिशाच्या भिंतीची जाडी ठरवतो.

हा मारा पहिल्या दिवशी नसतो. रासायनिक शुद्धीकरणात थोरियम-228 वेगळे निघते, त्यामुळे ताजे युरेनियम-233 बरेच सौम्य असते. मग थोरियम-228 पुन्हा साठत जाते आणि सुमारे 10 वर्षांनी शिखर गाठते. त्यामुळे युरेनियम-232 चे प्रमाण देऊन शुद्धीकरणाची तारीख न देणारा तक्ता गॅमाच्या हिशेबाला निरुपयोगी असतो.