नेवाशाच्या दरडीतील साक्ष

नेवासे म्हटले की मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे पैसाचा खांब उभा राहतो. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 च्या सुमारास, ज्ञानदेवांनी याच खांबास टेकून गीतेवरील टीका सांगितली, अशी परंपरा आहे. बहुतेक यात्रेकरू दर्शन घेऊन परततात. आम्ही मात्र तेथून प्रवरेच्या पात्रात उतरलो. कारण जिच्यापुढे ही सात शतके कालची वाटावीत, अशी साक्ष तेथील दरडींत दडलेली आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. हसमुख सांकलिया यांनी 1954 पासून नेवाशास उत्खनन व शोधकार्य केले. नदीने कापलेल्या काठांत गोट्यांचे थर एकावर एक रचलेले आहेत. खालच्या थरात काळ्या दगडाच्या ओबडधोबड हातकुऱ्हाडी सापडल्या. वरच्यात अकीक, जास्पर, चर्ट अशा गुळगुळीत दगडांच्या लहान तासण्या व अण्या. रानबैलांची अश्मीभूत हाडेही मिळाली.

नदीत फुटलेला गोटा आणि माणसाने घडविलेले हत्यार यांत भेद कसा करावा? घाव बसतो तेथे छिलक्याच्या पोटावर लहानसा उंचवटा येतो व त्यापासून पाण्यावरील तरंगांसारखी वलये पसरतात. एखादा घाव योगायोगाचा असू शकेल. परंतु कडेने ओळीने, एकाच धोरणाने घातलेले घाव मानवी हाताचेच म्हटले पाहिजेत.

आमच्याबरोबरच्या मुलास दरडीत रुतलेला असाच एक तांबूस दगड दिसला. "काका, हा घरी नेऊ?" असे त्याने विचारले. मोह आम्हासही झालाच. पण आम्ही त्यास नको म्हटले. दगडास स्वतःचे वय सांगता येत नाही. ते त्याच्या थराने सांगावयाचे असते. थरातून उपटलेले हत्यार म्हणजे पान फाडून घेतलेला पोथीचा शब्द. दिवाणखान्यात ते शोभेल, पण बोलणार नाही.

म्हणून संग्रह करणेच वाईट असे नव्हे. रॉबर्ट ब्रूस फूट यांस 30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे अशी हातकुऱ्हाड मिळाली आणि हिंदुस्थानातील अश्मयुगाच्या अभ्यासास आरंभ झाला. त्यांचा पुढील संग्रह 1904 साली मद्रासच्या संग्रहालयाने घेतला. त्यातील वस्तूंची नोंद ठिकाणवार आहे, म्हणूनच तो अभ्यासकांस उपयोगी पडतो.

वाचकांपैकी कोणास अशा काठी असे हत्यार आढळले, तर त्यांनी ते जागच्या जागी राहू द्यावे, स्थळ टिपून घ्यावे आणि जाणत्यांस कळवावे. ज्यांनी अक्षर लिहिले नाही, त्या पूर्वजांचा एवढाच लेख आपणापाशी उरला आहे.