भिलाईचा ट्रेलर आणि आमची गाडी

आमच्या भिलाईत ‘ट्रेलर’ म्हटलं, की कोणाच्याही डोळ्यांपुढे पोलादी प्लेटा लादलेली, अठरा-बावीस चाकांची लांबलचक गाडी येते. त्यामुळे एप्रिलमध्ये अमेरिकेतून दिरांचा फोन आला आणि “आम्ही उन्हाळ्यासाठी ट्रेलर तयार करतोय” असं ते म्हणाले, तेव्हा बाबांनी सहज विचारलं, “किती टनांचा?”

मग फोटो आले. गाडीमागे जोडलेलं छोटंसं घर, आत पलंग, ओटा, बेसिन. बाबा फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “असंच झोपून चिपळूणला जाता आलं तर काय हवं!”

बाबा म्हणजे माझे सासरे, वय 83. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या इथल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. बाबा त्यानंतर सहा वर्षांनी, चिपळूणजवळच्या गावातून पत्र्याची एक ट्रंक घेऊन इथे आले. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलं शिकली, सासूबाई इथेच गेल्या. गावाकडे मात्र दर दोन वर्षांनी रेल्वेने जाणं व्हायचं. आता गुडघे आणि साखर दोन्ही बोलायला लागलेत. मध्ये गाडी बदलायची, जिने चढायचे, हे त्यांना जमणार नव्हतं. आणि त्यांना जायचं होतंच. सासूबाईंचं हातशिलाई मशीन आत्यांच्या नातीला स्वतःच्या हाताने द्यायचं, एवढं एकच कारण ते सांगत. दुसरं कारण आम्ही विचारलं नाही.

म्हणून ठरलं, की आमची सात आसनी गाडी घेऊन मे महिन्यात सगळ्यांनी निघायचं. भिलाई ते नागपूर साधारण 260 किलोमीटर, तिथून समृद्धी महामार्ग, मग मुंबईच्या बाजूने कोकणात. एकूण सुमारे बाराशे किलोमीटर. आम्ही दोघं, दोन मुलं, रायपूरची नणंद आणि बाबा. इकडे 25 मेपासून नवतपा लागतो, म्हणजे नऊ दिवसांची सगळ्यात कडक आग. त्याच्या आधी पोचायचं होतं.

तयारी म्हणजे सामान, असा माझा समज. दोन आठवडे मी फक्त भरत होते. नातेवाइकांसाठी दुबराज तांदळाची दोन पोती, पाण्याचे दोन मोठे कॅन, बाबांना दुपारी आडवं व्हायला घडीची खाट, बर्फाचा डबा. गाडीत मावेना म्हणून टपावर कॅरियर बसवला. लांबून बघितलं तर आमचंही फिरतं घरच झालं होतं.

निघायच्या चार दिवस आधी नवरा गाडी घेऊन नंदिनी रोडच्या बाजूला पंक्चरवाल्याकडे गेला, मीही होते. तिथे एक ट्रेलरचालक सावलीत बसून बासी खात होता. रात्री भात पाण्यात भिजवायचा आणि सकाळी कांद्याबरोबर खायचा, हे छत्तीसगडचं उन्हाळी जेवण. त्याने आमची गाडी बघितली, मग मागची चाकं, मग टपावरचा कॅरियर. हात धुऊन उठला आणि म्हणाला, “भाभीजी, पहले काँटा करा लो.”

काटा म्हणजे धर्मकाटा. या गावात चौकाचौकात धर्मकाटे आहेत, पण घरची गाडी तिथे न्यायची असते हे मला कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळं सामान भरून, सहाही जणांना बसवून आम्ही गाडी काट्यावर चढवली. आकडा आला 1,840 किलो. गाडीच्या प्लेटवर कमाल एकूण वजन होतं 1,760. तब्बल 80 किलो जास्त! नणंद म्हणाली, “मी डाएट करते.” पण हसण्यासारखं ते नव्हतं.

कारण पुढचं त्या चालकाने आधीच समजावलं होतं. बाहेर 45 अंश असलं, की डांबर साठ अंशांच्याही वर जातं. त्यात वजन जास्त आणि हवा कमी असली, की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त वाकतो आणि आतून तापत जातो. फुटतो तो असा, आणि बहुतेक वेळा वेगात असताना. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात, तो सल्ला नेमका उलटा आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. तेवढी हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. वाटेत टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, तो काढायचा नाही.

त्याच दिवशी स्टेपनीही खाली काढली. एकदाही रस्त्याला न लागलेली, काटे नव्यासारखे. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर होतं 2316, म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. बोटाने दाबल्यावर बारीक भेगा दिसल्या. दुकानदार म्हणाला, “चलेगा.” आम्ही नवी घेतली. आजही मला त्या पैशांचं वाईट वाटत नाही, आणि पैशांच्या बाबतीत असं मी सहसा म्हणत नाही.

कूलंट, बॅटरी, ब्रेक, एसीच्या जाळीतली धूळ ही कामं गॅरेजमध्ये एका दिवसात झाली. खरी कसरत घरी होती, कारण 80 किलो उतरवायचे होते. कॅरियर आणि खाट गेली. तांदूळ पार्सलने पुढे पाठवला. पाण्याचा एकच कॅन ठेवला, पाणी वाटेत मिळतंच. उरलं शिलाई मशीन. पायटा नसूनही पंधरा किलो. नवरा दबकत म्हणाला, “बाबा, हेही पार्सलने पाठवू या का?” बाबा काही बोलले नाहीत. उठून त्यांनी स्वतःची बॅग उघडली, दोन शाली, जाड पुस्तकं आणि जुने बूट बाहेर काढले आणि म्हणाले, “बघा, झालं का?”

दुसऱ्यांदा काट्यावर 1,740 आले. मशीन मधल्या सीटच्या पायाशी, दोरीने बांधून.

बाबांचं इन्सुलिन हा वेगळाच प्रश्न. तापलेल्या गाडीत ते खराब होतं, आणि बर्फाला थेट चिकटून गोठलं तरीही निकामी होतं. ते टॉवेलात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवलं आणि तो थर्मास नणंदेच्या मांडीवर, डिकीत नाही. पॉवरबँक, सॅनिटायझर, डिओचे डबे उभ्या गाडीत ठेवायचे नाहीत, हे मुलांना पाठ करायला लावलं. बंद गाडीत कुणालाही थांबवायचं नाही, ‘फक्त पाच मिनिटं’सुद्धा नाही. हे बाबांना मात्र तीनदा सांगावं लागलं.

सगळ्यात अवघड होतं वेळापत्रक. पहाटे चारला निघायचं, दहाच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि दिवसभर आराम. पहिला मुक्काम नागपूर, दुसरा शिर्डीच्या आसपास. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, आम्ही 90 ठरवली. तो सरळसोट रस्ता डोळ्यांवर झापड आणतो, म्हणून दर दीड तासाला चालक बदल. मुलांना वाटलं होतं सहल, झाली ड्युटी. “शिफ्ट लागली,” बाबा खुशीत म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

निघालो तेव्हा कारखान्याच्या बाजूचं आकाश नेहमीसारखं तांबूस होतं. दुर्ग, राजनांदगाव अंधारातच मागे पडलं. बागनदी ओलांडून महाराष्ट्रात शिरलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. देवरीजवळ चहाला थांबलो. चालकाने शिकवल्याप्रमाणे मी हाताची मागची बाजू चारही चाकांना एकेक करून लावली. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथे हवा कमी आहे किंवा ब्रेक घासतोय असं समजायचं. चारही सारखी कोमट होती.

बाबाही काठी टेकत उतरले. मशीनवर ऊन येतंय का बघितलं, आपला रुमाल त्यावर पसरला. मग चहाचा कप हातात घेऊन समोरच्या दुकानांच्या मराठी पाट्या एकेक करून मोठ्याने वाचू लागले. कुणी थांबवलं नाही. साडेसहा वाजले होते, हातात अजून वेळ होता.