एका गुणाची सल

कॅनडाचा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. तो रग्बीच्या कुळातला. त्याचा सर्वोच्च मान ग्रे कप. १९३३ चा अंतिम सामना ऑन्टारियोतील सार्निया या तेलशुद्धीच्या गावी झाला. यजमान इंपीरियल्स हा हौशी संघ. नाव इंपीरियल ऑइल कंपनीवरून, अनेक खेळाडूही तिच्याच कारखान्यातले. टोरांटोच्या आर्गोनॉट्सने त्यांना ४-३ असे हरवले. घरच्या मैदानावर, अवघ्या एका गुणाने! गावाला तो किती सलला असेल. पुढच्याच वर्षी रेजायनाला २०-१२ आणि १९३६ मध्ये ऑटावाला २६-२० नमवून इंपीरियल्सने दोनदा कप जिंकला. पुढे व्यावसायिक संघांचा पैसा आला; १९५४ नंतर ऑन्टारियोची हौशी संघटना ग्रे कपसाठी उतरलीच नाही. इंपीरियल्सही लयास गेले. सार्नियात तो अंतिम सामना पुन्हा कधीच झाला नाही.