चिपाडाचा वास

परवा अवकाळी पाऊस झाला. वाठारकडून वडगावला येताना एका गुऱ्हाळापुढचा चिपाडाचा ढीग भिजला होता. तो वास नाकात शिरला आणि मी गाडी बाजूला घेऊन तिथंच उभा राहिलो. क्लॅरिनेटची रीड तोंडात धरून भिजवताना अगदी हाच वास येतो. रीडही गवताचीच, दक्षिण फ्रान्सात वाढणाऱ्या गवताची. उसाची लांबची भावकी.

53व्या वर्षी मी हे वाद्य हातात घेतलं, त्याला 14 महिने झाले. शिकवणारे मामा जुन्या बँडमधले. त्यांचा नातू माझा विद्यार्थी, म्हणून ते मला ‘सर’ म्हणतात, चुकलो तरी. ‘‘सर, गाल फुगवू नगासा. वारं पोटातनं येऊ द्या.’’ खालचा ओठ दातांवर दुमडून दुमडून आतून सोलवटला, तेव्हा दोन महिने खर्डा बंद होता.

बासरीवर तीच बोटं ठेवून फुंकर वाढवली की वरचा सा मिळतो. इथं अंगठ्याची चावी दाबली की सा च्या जागी वरच्या सप्तकातला पंचम येतो. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीचा स्वभावच तो. त्यामुळं खाली शिकलेली बोटं वर चालत नाहीत, आणि जिथं खालचे सूर संपून वरचे सुरू होतात त्या सांध्यावर वाद्य चिरकतं. तिथं मी अजून अडकतो. अडकलो की तो माणूस आठवतो.

1981. आत्याचं लग्न. मी नऊ वर्षांचा. दुपारपासून दारात वाजवून दमलेल्या क्लॅरोनेटवाल्यानं (बँडवाले क्लॅरोनेटच म्हणायचे) पाणी मागितलं. चुलत्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, ‘‘वरनं ओत,’’ म्हणाले. वाद्य काखेत धरून त्यानं ओंजळ केली. माझी धार चुकली, पाणी चाव्यांवर सांडलं. त्यानं झटकन ओंजळ मोडली आणि लाल कोटाच्या बाहीनं वाद्य पुसत बसला. पाणी प्यालाच नाही. तो माझ्यावर रागावला, असं मला वाटलं.

मामांकडून निघालो की मी कधी कधी धनाजी जाधवांच्या समाधीकडं जातो. सेनापती वडगावातच वारले, 1708 साली. त्याच्या आदल्या वर्षी तिकडं न्यूरेंबर्गमध्ये योहान डेनर वारला. क्लॅरिनेट त्याच्या हातून घडलं, असं मानतात. या दोन मरणांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी समाधीपुढं उभं राहिलं की मला दोन्ही आठवतात. पुढं गोऱ्या पलटणींच्या बँडांबरोबर ते वाद्य हिंदुस्थानात आलं, मीरतच्या जली कोठीत बँडची वाद्यं बनू लागली, लग्नांत वाजू लागली. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेमाच्या चालींच्या तबकड्या घरोघरी गेल्या. आमच्याकडंही एक होती. चुलते ती मऊ फडक्यानं पुसून ठेवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चुलते गेले, पण त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या वाद्याचे खालचे सूर उमटेनात. मामांनी सिगारेटचा पातळ कागद एकेका चावीखाली धरून ओढून पाहिला. एका चावीखालून तो अलगद सुटला. तिथलं पॅड ओल लागून फुगलं होतं, भोक नीट झाकत नव्हतं, वारं निसटत होतं. ‘‘पाणी लागलं की हे मुकं होतंय, सर. आन् वरातीला क्लॅरोनेट मुकं झालं तर बिदागी कोण देणार?’’

म्हणजे आत्याच्या लग्नातला तो क्लॅरोनेटवाला रागावला नव्हता. रात्रीची वरात समोर होती, म्हणून त्यानं तहान मारून पॅडं कोरडी केली. त्या रात्री वरातीत तो वाजवत होता, हे मला पक्कं आठवतं.

मामांना विचारलं, तुमची पंगत कधी बसायची? ‘‘समद्यांचं झाल्यावर. मांडवाभायेर. भात उरला तर.’’ एवढं बोलून त्यांनी नवी रीड माझ्या हातात दिली आणि सांध्यावरचे तेच दोन सूर पुन्हा धरायला सांगितले.

डॉल्बी आल्यापासून आमच्याकडं बँड कमी झालेत. तुमच्या घरच्या लग्नात बँड येणार असेल, तर त्या माणसांना पहिल्या पंगतीला बसवा. आणि पाणी पेल्यातून द्या.