पोच मिळाली नाही

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीचा लाकडी जिना मी पहिल्यांदा चढलो १९९८ साली. वरच्या हॉलमध्ये तेव्हा कॉम्प्युटर क्लास होता. त्याच्याही आधी तिथे टायपिंगचं इन्स्टिट्यूट चालायचं, त्यामुळे टेबलं त्या काळातलीच होती, जड आणि टाइपरायटरच्या पायांचे खड्डे पडलेली. आज त्याच हॉलमध्ये अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलंमुली पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत मान खाली घालून बसलेली असतात. क्लासमध्ये मला सगळे दादा म्हणायचे, अभ्यासिकेत काका म्हणतात. जोडलेलं तुटलं की मला बोलावणं येतं, हे मात्र तसंच राहिलं.

क्लासमध्ये बारा मशीन होती आणि बाराही मशीनमधून ओवून नेलेली एकच काळी कोॲक्स केबल. प्रत्येक मशीनच्या पाठीमागे पितळी ‘टी’, त्याच्या दोन्ही हातांना केबल, आणि रांगेच्या दोन्ही टोकांना पेनाच्या टोपणाएवढा एकेक टर्मिनेटर, ५० ओहमचा. एका केबलची लांबी १८५ मीटरच्या आत हवी, तिच्यावर मशीन ३० पेक्षा जास्त नकोत, आणि वेग सगळ्यांत मिळून सेकंदाला १० मेगाबिट. टोकाचं ते टोपण निघालं की सिग्नल तिथे आपटून उलटा फिरायचा आणि मागून येणाऱ्या सिग्नलच्या अंगावर जायचा. मग एखादं मशीन नाही, बाराही एकदम बंद.

“गेलं!” असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळा वर्ग उठायचा. त्यात चिडचिड असायची, पण एक उत्साहही असायचा. मुलं टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरायची. कुणाचा पाय केबलला लागला, कुणाची खुर्ची मागे सरकली, खिडकीजवळ उंदराने काही कुरतडलं का, याचा शोध चालायचा. मी मल्टिमीटर लावायचो. सगळं धड असेल तर दोन्ही टोकांचे ५० ओहम समांतर येऊन काटा २५ च्या आसपास थांबायचा. ५० दिसले की एक बाजू तुटली, एवढं नक्की. मग केबल मधोमध सोडवायची, जवळचा जादा टर्मिनेटर तिथे बसवायचा आणि अर्धी रांग चालते का ते बघायचं. चालली तर दोष उरलेल्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे दोन भाग. बारा मशीनमध्ये तीन-चार फेऱ्यांत दोष हाताला लागायचा, आणि हाताला म्हणजे खरोखर हाताला. सैल टी, तुटलेली जाळी, नीट न दाबलेला कनेक्टर. तो बदलला की पुन्हा काटा २५ वर यायचा आणि टेबलाखालून आठ-दहा डोकी धूळ झटकत वर यायची. मग खाली अमृततुल्यात चहा. मला ते दिवस फार आवडायचे.

एकाच्या चपलेपायी अकरा जणांचं प्रॅक्टिकल बुडावं, ही रचना चांगली होती असं मी म्हणणार नाही. बिनतारी नेटवर्कचं ८०२.११ हे मानक १९९७ मध्येच आलं होतं, सेकंदाला २ मेगाबिटचं, पण आमच्या पेठेत त्याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यावाचून वापरायची मुभा २००५ साली मिळाली. त्यानंतर केबल टेबलाखालून निघून गेली ती गेलीच. पण एक गोष्ट त्या केबलबरोबर गेली आणि तिची चुटपुट मला आहे: तेव्हा तुटायचं ते सगळ्यांचं एकदम तुटायचं, म्हणून कुणी एकटा अडकून पडत नसे.

अभ्यासिकेत वायफाय काही महिने तुटत होतं आणि तक्रार एकही नव्हती. ज्याचं तुटायचं त्याला वाटायचं, आपलाच फोन जुना झाला. शेजारचा तर व्यवस्थित सराव परीक्षा देतोय. मग तो मुकाट्याने मोबाइल डेटा चालू करायचा. बीड, लातूर, नांदेडहून आलेली ही मुलं खोलीभाडं आणि मेसचे पैसे मोजून देतात. दिवसाचा डेटा दुपारीच संपला तर रात्रीचं लेक्चर राहून जातं. हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं. टेबलाखाली शिरायला माणसं होती, पण शिरायचं कुठे हेच कुणाला माहीत नव्हतं.

मी सकाळी अकराला गेलो. हॉल निम्मा रिकामा. ॲक्सेस पॉइंट दाराजवळ छताला, एकदाही बंद न पडता ४१ दिवस चालू. म्हणजे वीज ठीक, ती वर पोचवणारी केबल ठीक. आयपी पत्ते वाटायचा साठा तोकडा होता, सकाळी येऊन गेलेल्यांचे पत्ते दिवसभर अडकून राहायचे; ती मुदत कमी केली. पण ती अडचण नव्याने जोडणाऱ्यांची होती, जोडलेले सुटण्याची नव्हे. फोन घेऊन शेवटच्या भिंतीपर्यंत चाललो, कुठेच तुटलं नाही. परत निघालो तेव्हा शेवटच्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर आली. “काका, वेळा लिहून ठेवल्यात,” म्हणाली आणि वहीचं शेवटचं पान दाखवलं. दहा दिवसांच्या नोंदी होत्या. ७.१०, ७.२५, ८.०५, ८.४०. सगळ्या संध्याकाळच्या. पुढे बाकांचे नंबरही, कारण तिने आजूबाजूच्यांनाही विचारलं होतं. ६१ च्या आधीचा एकही नंबर त्यात नव्हता. मल्टिमीटरचा काटा जे सांगायचा, ते त्या पानावर होतं.

संध्याकाळी सात वाजता पुन्हा गेलो. हॉल गच्च भरलेला. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. त्यात ६० नंबरनंतर लोखंडी लॉकरची नवी रांग आडवी उभी केलेली. लॉग उघडला तर शेवटच्या रांगेतल्या फोनपुढे पुन्हा पुन्हा तोच आकडा, कारण क्रमांक ३४. बिनतारी नेटवर्कमध्ये प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच उलट पाठवावी लागते. ती बराच वेळ आली नाही की ॲक्सेस पॉइंट त्या फोनचा नाद सोडतो. ३४ चा अर्थ तोच, पोच मिळाली नाही.

फोनने पोच पाठवली नव्हती का? पाठवली होती. फोनच्या पडद्यावर तर सिग्नलच्या रेघा बऱ्यापैकी दिसत होत्या. ॲक्सेस पॉइंटचा आवाज फोनपर्यंत उणे ७० डेसिबेल-मिलिवॉटला पोचत होता, आणि फोनचा आवाज ॲक्सेस पॉइंटला ऐकू जात होता उणे ८३ ला. तेरा डेसिबेलचा फरक म्हणजे वीसपट क्षीण. कुणीतरी रेंज वाढावी म्हणून ॲक्सेस पॉइंटची ताकद पूर्ण वर नेऊन ठेवली होती. फोनची बॅटरी एवढीशी, त्याला तसं ओरडता येत नाही. रेघा दाखवतात ते फक्त फोनला काय ऐकू येतं ते. त्याचं कुणाला ऐकू जातं का, हे त्या रेघा सांगत नाहीत. त्यात पेठेतल्या घराघरांतली चाळीसेक नेटवर्क त्याच हवेत बोलत असलेली. त्या गलक्यात शेवटच्या रांगेचं ‘मिळालं, मिळालं’ विरून जात होतं.

उपाय साधाच होता. मागच्या भिंतीवर दुसरा ॲक्सेस पॉइंट लावला. दोघांचीही ताकद फोनच्या बरोबरीला आणली, पहिल्याला चॅनेल १ दिलं, दुसऱ्याला ११, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली आणि लॉकर भिंतीला सरकवून घेतले. लॉकर सरकवायला सहा जण आले. पंचवीस वर्षांपूर्वीसारखी खुर्च्यांची ओढाओढ, धूळ, कुजबुज, दबलेलं हसू. अभ्यासिकेत एवढा आवाज बहुधा कधी झाला नसावा.

हत्यारांच्या पेटीत तळाला तो जादा टर्मिनेटर अजून आहे. स्क्रू शोधताना तो बाहेर निघाला, तेव्हा त्या मुलीने तो हातात घेऊन बघितला. टोकाला हे लावलं नाही तर सगळे बंद पडायचे, असं मी सांगितल्यावर म्हणाली, “म्हणजे लगेच कळायचं की सगळ्यांना.”

दोन आठवड्यांनी बिल द्यायला गेलो, तेव्हा तिने तेच पान पुन्हा दाखवलं. लॉकर सरकवले त्या बुधवारनंतर एकही वेळ लिहिलेली नव्हती. उरलेल्या जागेत तिने ७३ व्या घटनादुरुस्तीची टिपणं काढायला घेतली होती.