वडिलांच्या रेडिओतला आवाज

आपल्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जी वापरात नाही पण टाकूनही देववत नाही. वसईतील पापडीच्या आमच्या घरात ती जागा वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओची होती. वडील गेल्यानंतर बारा वर्षे तो कपाटावर मूक बसून होता. आई दर शनिवारी त्यावरील धूळ पुसत असे. मला मात्र गिटारसाठी ध्वनिवर्धक बांधायचा होता आणि त्यासाठी लागणारे बहुतेक भाग त्याच पेटीत होते.

गिटारच्या तारांखालील पिकअपमधून निघणारा विद्युत्संकेत अत्यंत क्षीण असतो. 'ईसीसी ८३' हा व्हॉल्व्ह त्याचा दाब वाढवतो, तर 'ईएल ८४' त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू मागे पडले. तरीही गिटारवादकांनी ते सोडले नाहीत. कारण मर्यादेबाहेर ताणल्यावर त्यांतील ध्वनी एकदम तुटत नाही, हळूहळू गोलावत जातो. 'ईएल ८४' आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर रेडिओत होतेच. 'ईसीसी ८३'साठी विरार लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला.

खरा प्रश्न परवानगीचा होता. आईला विचारले, तेव्हा ती दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझ्या बाबांनीही दुसऱ्यांच्या मोडक्या रेडिओंचे भाग घालूनच हा चालू ठेवला होता. ने. लाकडी पेटी मात्र माझ्याकडे राहू दे."

पुढील तीन महिने रात्रपाळी नसेल त्या दिवशी मी डाख लावत बसे. एकदा प्लग काढला आहे, या भरवशावर आत हात घातला आणि जोराचा झटका बसून मागे फेकला गेलो. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये अडीचशे व्होल्टांचा भार टिकून राहू शकतो, हे मी वाचलेले होते. कळले त्या दिवशी. तेव्हापासून कॅपॅसिटर रोधकातून रिकामा करतो, मीटरने मोजतो आणि मगच हात लावतो.

पहिल्यांदा सुरू केला, तेव्हा गिटारऐवजी नुसती घरघर ऐकू आली. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा एकमेकींत पिळून घेतल्या, अर्थिंगच्या साऱ्या जोडण्या एकाच बिंदूवर आणल्या, तेव्हा ती शमली. मग एक तार छेडली. चार-पाच वॉटांचाच तो आवाज, पण घर भरून गेले. आई स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "तापल्यावर वासही तोच येतो."

तो रेडिओ आता पुन्हा कधी बोलणार नाही, याची रुखरुख मला आहे. आपणही असे काही उघडणार असाल, तर आधी घरातल्यांना विचारा आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहा. आई अजूनही शनिवारी धूळ पुसते. आता रिकाम्या पेटीवरची आणि ध्वनिवर्धकावरचीही.