जखम भरल्यानंतरची पंचवीस वर्षे

गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांवर शस्त्रक्रिया झाली की तो विषय संपला, अशी समजूत रुग्णांमध्ये आणि त्यांच्या नातेवाइकांमध्ये सर्रास आढळते. बहुतेक स्त्रियांमध्ये हे बदल खरोखरच परतत नाहीत, त्यामुळे या समजुतीला आधार नाही असे म्हणता येत नाही, मात्र शस्त्रक्रियेत काय काढले जाते आणि काय मागे राहू शकते याचा विचार तीत नसतो. गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा योनीत उघडणारा खालचा भाग. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकला तर तेथील आवरणाच्या पेशी विकृत होऊ लागतात, आणि ही विकृती तीव्र श्रेणीची असल्यास विद्युतप्रवाह सोडलेल्या बारीक तारेच्या फासाने तेवढा भाग कापून काढतात.

प्रस्तुत लेखिकेवर ही शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरील एका रासायनिक कारखान्यात नळवाहिन्यांच्या तपासणीचे काम करीत होती. सात लहान बेटांमधल्या समुद्रात भर घालून घडवलेले हे औद्योगिक बेट २००० साली औपचारिकरीत्या खुले झाले. तेथे लोकवस्ती नाही आणि पासाशिवाय प्रवेशही नाही, त्यामुळे रुग्णालयातील वेळ गाठायची तर अर्ध्या दिवसाची रजा काढून सेतुमार्गाने मुख्य बेटावर यावे लागे, आणि शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या काळातील धामधुमीत पुरुष वरिष्ठाकडे ती रजा मागताना कारण किती सांगावे, हा प्रश्न आजाराइतकाच थकवणारा ठरे.

काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे कापलेल्या रेषेवर विकृत पेशी नाहीत, असा अहवाल आला तेव्हा घरी सर्वांना सुटल्यासारखे वाटले. डॉक्टरांनी मात्र सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणी करण्याचा आग्रह धरला. हा आग्रह योग्य होता, याची साक्ष २०१७ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेले, चव्वेचाळीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचे विश्लेषण देते: उपचारानंतर तीव्र बदल राहण्याचे वा परतण्याचे प्रमाण सरासरी ६.६ टक्के होते, कडा स्वच्छ असलेल्यांत ते ३.७ टक्के, तर उपचारानंतर धोकादायक विषाणू न आढळलेल्यांत केवळ ०.८ टक्के. कारखान्यात दुरुस्त केलेला सांधा डोळ्यांना निर्दोष दिसला तरी त्याची तपासणी इतरांपेक्षा अधिक वेळा होते, हे ज्या व्यक्तीच्या रोजच्या कामाचे सूत्र होते, तिलाही स्वतःच्या शरीराबाबत ते सहज पटले नाही.

पुनरुद्भव म्हणजे बदल पुन्हा दिसणे. त्यामागे नजरेतून सुटलेला अंश, भोवतालच्या पेशींत उरलेला विषाणू किंवा नवा संसर्ग, यांपैकी काहीही असू शकते, आणि धूम्रपान, दुर्बल प्रतिकारशक्ती व वाढते वय यांमुळे धोका वाढतो. मग पहिल्यांदाच अधिक खोल का कापत नाहीत, असे सासूबाईंनी फोनवर विचारले होते; खोल छेदामुळे पुढील गरोदरपणात अकाली प्रसूतीची शक्यता वाढते, हे त्याचे उत्तर. हा विषाणू ‘कोणाकडून’ आला, हा दुसरा प्रश्न कोणी उघडपणे विचारला नाही, तरी तो घरात होताच. संसर्ग अनेक वर्षे सुप्त राहू शकत असल्याने चाचणीच्या आधारे कोणाच्याही चारित्र्याचा निवाडा करणे शास्त्राला धरून नाही, एवढे येथे स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे.

या विषाणूच्या चाचणीचे सामर्थ्य जगाला दाखवून देण्यात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारा अभ्यास झाला, आणि एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. असे असूनही भारतातील सरकारी तपासणी मुख्यतः व्हिनेगरमधील आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीवरच उभी आहे.

लेखिकेची सहा महिन्यांनंतरची चाचणी निर्दोष आली. अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा स्त्रीची चाचणी सलग तीनदा निर्दोष येईपर्यंत दरवर्षी आणि त्यानंतर किमान पंचवीस वर्षे दर तीन वर्षांनी व्हायला हवी. सिंगापूरमधील नोकरीचा परवाना मात्र नूतनीकरणाच्या वेळी साधारणतः तीन वर्षांपुरताच वाढतो. त्यामुळे मूळ पॅथॉलॉजी अहवालाच्या प्रती आतापासूनच पुण्यातील एका स्त्रीरोगतज्ज्ञाकडे देण्यात आल्या असून, पुढील चाचण्या कोठे व कोणाच्या खर्चाने होतील, हे अद्याप ठरलेले नाही.